बाईंचा बदामी गालिचा

सॉस सांडला तेव्हा पावणेसहा वाजले होते. ही वेळ प्रूफकाकांच्या डोक्यात पक्की बसली, कारण सांडल्या सांडल्या त्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. का बघितलं ते विचारू नका. माणूस घाबरला की कुठेतरी बघतोच.

तळलेल्या बटाट्याचा एक लांबट तुकडा, त्यावर चांगला चमचाभर टोमॅटो सॉस, तोंडाशी येता येता बोटांतून निसटला, काकांच्या गुडघ्यावर आपटला आणि तिथून उडी मारून बाईंच्या बदामी गालिच्यावर पडला. पडला तो बरोब्बर मधोमध आणि सॉसची बाजू खाली करून. एवढी मोठी फरशी शेजारी मोकळी होती हो! कडेला पडायला त्याला काय झालं होतं? पण नाही. काकांना उरलेले बटाटे दिसेनासे झाले.

आता, गालिचा बाईंचा, खुर्ची बाईंची, घर बाईंचं, तर काका तिथे बटाटे खात काय करत होते, हे सांगायला हवं. काका एका सरकारी छापखान्यात एकोणतीस वर्षं मुद्रितं तपासत होते. म्हणून इमारतीतल्या पोरांनी त्यांना 'प्रूफकाका' नाव ठेवलं, आणि ते इतकं रुजलं की अकरा वर्षांनी मोठे असलेले सोसायटीचे सेक्रेटरीसुद्धा त्यांना 'काय प्रूफकाका?' म्हणायला लागले. हे काकांना फार लागायचं. पण ते दुःख वेगळं, त्याच्याबद्दल पुन्हा कधी.

आणि बाई म्हणजे काकांच्या शाळेतल्या बाई. पाचवी ते सातवी, तीन वर्षं वर्गशिक्षिका. काकांनी हे घर घेतलं, सामान वर चढवलं, समोरचं दार उघडलं आणि आतून बाई बाहेर आल्या. त्या दिवशी सामानाच्या टेंपोत बसून परत जावं असं काकांना मनापासून वाटलं होतं. आज काका त्रेपन्न वर्षांचे, बाई शहात्तरच्या. पण बाई बोलायला लागल्या की काकांचे हात आपोआप पाठीमागे जातात आणि बोटं मिटतात. नखं वाढलीत की काय, अशी धास्ती.

त्याच बाई उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दहा दिवस लेकीकडे गेल्या होत्या. जाताना त्यांनी भर जिन्यात, सेक्रेटरींच्या देखत, घराची किल्ली काकांच्या हातात ठेवली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "झाडांना पाणी घालायचं. सगळ्या इमारतीत हा एकच मुलगा विश्वासाचा आहे."

त्रेपन्न वर्षांचा तो मुलगा घरात आला आणि उगाचच चष्मा पुसत बसला. एकोणतीस वर्षांत छापखान्याच्या व्यवस्थापकांनी त्याला एकदाच 'छान' म्हटलं होतं, आणि तेही हवेबद्दल होतं. बाईंचं ते वाक्य काकांनी बायकोला तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला लागले तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो कळलं. आता पाणी घालून या."

पाणी घालणं दोन दिवस शिस्तीत चाललं. तिसऱ्या दिवशी मोह झाला. डॉक्टरांनी काकांचं तळलेलं बंद केलं होतं, आणि काकू डॉक्टरांपेक्षा कडक. घरात तीन महिने उकडलेलं. बाईंचं घर शांत, खुर्ची ऐसपैस, विचारणारं कुणी नाही. ऑफिसातून येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून एक पुडी घ्यायची, झाडांना पाणी घालायचं आणि मग अर्धा तास राजासारखं बसायचं. पाप होतं, पण लहानसं होतं, असं काकांचं मत. गुरुवारी पावणेसहापर्यंत तरी ते मत होतं.

काकांनी सगळ्यात आधी तेच केलं जे घाबरलेला माणूस करतो. खिशातला रुमाल काढला आणि खसाखसा घासलं. डाग मघाशी नाण्याएवढा होता, तो बशीएवढा झाला. मग त्यांनी कडेचं टेबल सरकवून डागावर ठेवलं. दिसेनासा झाला! काकांनी सुटकेचा श्वास घेतला, आणि तो अर्ध्यातच अडकला. टेबल जिथे वर्षानुवर्षं उभं होतं तिथे गालिच्यात चार खोल खळगे पडले होते. दुसऱ्या कुणाच्या लक्षात आले नसते, पण काकांचा जन्म असल्याच गोष्टी बघण्यात गेलेला. बाई दारातूनच विचारतील, 'टेबल कुणी हलवलं?' आणि आपण सांगून टाकू. काकांना स्वतःची पूर्ण खात्री होती. बाईंच्या समोर ते अर्धं मिनिटसुद्धा टिकले नसते. त्यांनी टेबल मुकाट्याने परत जागेवर नेलं.

घरी आल्यावर त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं केलं. "अगं, समजा, एखाद्याच्या गालिच्यावर, एखाद्याच्या हातून, समजा सॉस सांडला..."

काकूंनी हातातली सुरी खाली ठेवली. "घरात सॉस येऊन तीन महिने झाले. कुठे खाल्लात?"

"एखाद्याच्या म्हटलं मी."

"शर्टावर लागलाय तो एखाद्याचाच का?"

काकांनी सगळं सांगितलं. काकू आता तळलेल्या बटाट्यांवरून फाडून खातील अशी त्यांची अपेक्षा होती. पण 'बाईंचा गालिचा' हे शब्द कानावर पडताच काकू मटकन स्टुलावर बसल्या. त्यांचा चेहरा बघून काकांची उरलीसुरली हिंमत गेली. काकूसुद्धा बाईंना टरकून होत्या. इथे राहायला आल्यावर एकदा त्यांनी बाईंना चिठ्ठी पाठवली होती, ती लाल शाईत दुरुस्त होऊन परत आली होती.

"रविवारी सकाळी अकराला येणार त्या," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "अहो, काय केलंत हे!"

वरच्या मजल्यावर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम राहायच्या. काकू त्यांना घेऊन आल्या. त्या गालिच्यापाशी उकिडव्या बसल्या, डागाचा वास घेतला आणि म्हणाल्या, "कोमट पाणी लावलंत?"

"नाही."

"नशीब. घासलंत?"

काकांनी रुमाल खिशात आणखी आत ढकलला.

"घासलंत. छान. आता तो खालपर्यंत गेला." मॅडम हे इतक्या शांतपणे म्हणाल्या की काकांना हॉस्पिटलात उभं असल्यासारखं वाटलं. तेवढ्यात तळमजल्यावरचे टेलरमास्तर आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पण उघड्या दाराचा त्यांना भारी शौक. मास्तर म्हणाले, खडू लावा आणि वर पेट्रोल. मॅडम म्हणाल्या, घर पेटवायचंय का? मास्तर म्हणाले, चाळीस वर्षं कपड्यांवरचे डाग काढतोय मी, पुस्तकातलं मला सांगू नका. मॅडम म्हणाल्या, थंड पाणी आणि व्हिनेगर, टिपून घ्यायचं, रगडायचं नाही. दोघांची चांगलीच जुंपली. काका मध्ये हात जोडून उभे. "हळू बोला हो, हळू. आणि बाहेर कुणाला सांगू नका."

"छे, मी कशाला सांगतोय!" मास्तर म्हणाले. त्यांनी वाटेत येताना दोघांना सांगितलेलंच होतं.

जाता जाता मॅडम दारात थांबल्या. "तशी त्यांची नजर अधू होती, तोवर कदाचित चाललंही असतं. पण आता ऑपरेशन झालंय ना? माझ्या सासऱ्यांचं झालं, तर घरी आल्या आल्या त्यांना भिंतीवरची मुंगी दिसायला लागली. मुंगीचे पाय दिसले म्हणाले."

या बाजूने काकांनी विचारच केला नव्हता. जुने डोळे असताना ज्या बाईंनी चाळीस पोरांत मागच्या बाकावरचा चिंचोका पकडला, त्यांना आता नवा डोळा! त्या रात्रीच्या जेवणात काकांनी उकडलेला भोपळा न कुरकुरता संपवला, यावरून काय ते समजा.

शुक्रवारी काकांनी रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती अडचण' लिहिलं. दुपारी बारापर्यंत व्हिनेगर, थंड पाणी, पांढरं फडकं, टिपणं, पुन्हा व्हिनेगर. बाईंच्या घरात लोणच्याच्या कारखान्यासारखा वास सुटला. पण साडेबाराला डाग गेला. खरंच गेला! काकांनी छापखान्यातलं भिंग आणून पाहिलं. लाल रंगाचा कणसुद्धा नाही. ते गालिच्यावर बसल्या बसल्या रडायच्या बेतात आले. काकूंनी स्वतःहून त्यांच्यासाठी चहा केला.

चार वाजता गालिचा वाळला आणि काकूंच्या तोंडून बारीकशी किंकाळी निघाली.

बदामी गालिच्याच्या मधोमध, बशीएवढा, पांढराशुभ्र ठिपका. डागापेक्षा दुप्पट उठून दिसणारा. गालिचा बदामी नव्हताच मुळी! तो होता पांढरा, आणि बदामी होता तो सगळा मळ. वर्षानुवर्षांच्या पायांचा, धुळीचा, कसला कसला. काकांचं सॉस काढायला गेलेलं व्हिनेगर सगळंच घेऊन आलं होतं.

"आता सगळाच धुवावा लागणार," काकू म्हणाल्या.

"सगळा?"

"मग काय, ठिपका ठेवायचा?"

एवढा मोठा गालिचा वाळवायला गच्चीच हवी, आणि गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे. सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. "अर्ज आणलात?"

"गच्चीवर एक वस्तू वाळत घालायची आहे फक्त."

"तेच. वस्तू वाळत घालण्याबाबतचा अर्ज. दोन प्रतींत. वस्तू कोणती, कुणाची, ओली का झाली."

काकांनी तिथेच बसून अर्ज लिहिला. 'गालिचा' लिहिला. 'कुणाची' या शब्दापाशी पेन थांबलं. खोटं लिहावं, तर सेक्रेटरी गालिचा ओळखणार. खरं लिहावं, तर सगळंच संपलं. काकांनी खरं लिहिलं. एकोणतीस वर्षांची सवय, दुसरं काही लिहिताच येईना.

"बाईंचा?" सेक्रेटरींनी भुवया उंचावल्या. "मग मालकाची सही लागेल."

"त्या गावाला गेल्यात."

"काही हरकत नाही, फोनवर तोंडी संमती चालते. मीच विचारतो." आणि सेक्रेटरींनी फोन उचलून नंबर फिरवायला सुरुवातसुद्धा केली! काकांनी झेप घेतली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाच्या हातातून काहीतरी हिसकावून घेतलं. "नको! त्यांच्या डोळ्याला त्रास होईल!"

"फोनने?"

"हो. आवाजाने. आतून कंप होतो," काका म्हणाले, आणि दोन्ही प्रती घेऊन जवळजवळ पळतच सुटले.

म्हणून मग गालिचा बाईंच्याच बाल्कनीत धुतला गेला. दोघंही वाकून वाकून, कंबरेचा काटा ढिला होईपर्यंत घासत होते. पाणी जे निघालं त्याचं वर्णन नको. ते बाल्कनीच्या नळीतून खाली गेलं असतं तर प्रश्न नव्हता, पण नळी तुंबली, पाणी कठड्यावरून गेलं आणि खाली उभ्या असलेल्या, त्याच सकाळी धुतलेल्या, सेक्रेटरींच्या स्कूटरवर पडलं. अर्ध्या तासात फलकावर सूचना लागली. 'बाईंच्या सदनिकेतून गढूळ पाणी सोडण्यात येत असून संबंधितांनी खुलासा करावा.' सूचनेत शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. एरवी काकांनी खिशातलं पेन काढलं असतं. आज त्यांना फक्त 'बाईंच्या' एवढाच शब्द दिसला. आजूबाजूला बघून त्यांनी कागद ओढला, चार घड्या केल्या आणि खिशात कोंबला. नोटीस फाडणारे लोक त्यांना आजवर समाजाचे शत्रू वाटत आले होते.

शनिवारी दुपारी गालिचा पूर्ण वाळला. दोघांनी तो आत आणून पसरला आणि दोघंही बघतच राहिले. दुधासारखा पांढरा गालिचा, आणि त्याच्या चारी कडांनी नाजूक निळे वेल! या घरात अकरा वर्षं त्यांचं येणंजाणं होतं, पण निळा रंग त्यांनी कधी पाहिला नव्हता.

"अगं बाई!" काकू हळूच त्यावर हात फिरवत म्हणाल्या. "किती सुंदर आहे हो! असाच राहू दे. बाई खूश होतील."

"खूश? आधी विचारतील, का धुतला? मग काय सांगू?"

"सांगा, आवडीने धुतला."

"मला आवडीने काही करता येत नाही हे त्यांना पाचवीपासून माहीत आहे."

काका खुर्चीत बसणार होते, पण आठवण होऊन उभेच राहिले. त्यांच्या डोक्यात आता धंद्याचा नियम घुसला होता. मुद्रितशोधकाचं काम मूळ प्रत सुधारायचं नसतं. लेखकाने सूर्य पश्चिमेला उगवला असं लिहिलं असेल, तर छापातही तो पश्चिमेलाच उगवला पाहिजे. आपली अक्कल वापरायची नाही. मूळ प्रतीबरहुकूम, बस्स. या नियमावर काकांनी एकोणतीस वर्षं काढली, आणि एकदाही त्यांच्यावर ठपका आला नाही. आणि इथे त्यांनी काय केलं होतं? बाई बदामी गालिचा ठेवून गेल्या होत्या, आणि काकांनी त्यांच्या हाती पांढरा ठेवला होता.

"हा बदामी झाला पाहिजे," काका म्हणाले.

काकूंना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्हाला वेड लागलंय. धुतलेला गालिचा मळवणार?"

"मळवणार नाही. मुळाबरहुकूम करणार."

काकू भांडल्या. पण काकांचा चेहरा असा पांढराफटक पडला होता की शेवटी त्याच म्हणाल्या, "चहाने होईल. कोरा चहा. माझ्या साडीवर पडला होता तो अजून गेला नाही."

मग सुरू झालं ते काम काकांनी छापखान्यातसुद्धा इतक्या निष्ठेने केलं नव्हतं. मूळ प्रत म्हणून बाईंच्या पंचाहत्तरीचा फोटो आणला. त्यात बाई मध्ये, काका कडेला आणि खाली गालिचा. उशीच्या अभ्र्यावर सहा प्रकारचा चहा लावून बघितला. एक चमचा पातळ, दोन चमचे पिवळट, तीन चमचे दहा मिनिटं उकळून बरोबर बदामी. मग इस्त्रीच्या वेळी पाणी मारायच्या बाटलीत तो भरला आणि काका गुडघ्यांवर रांगत, वीत वीत पुढे सरकत, फवारत आणि टिपत गेले. जिथे पाय जास्त पडतात तिथे दोन हात. टेबलाखाली थोडा कमी. निळे वेल बुडाले तेव्हा काकूंनी तोंड फिरवलं. "माझ्याच्याने बघवत नाही," म्हणाल्या.

रविवारी दहा वाजता काकांनी भिंगाने शेवटची तपासणी केली. एकही चूक नाही. टेबल खळग्यांत बसलं होतं, वास उडाला होता, रंग फोटोतल्यासारखा. तरी काकांनी भिंग आणखी एकदा फिरवलं.

अकराला पाच कमी असताना जिन्यात बाईंची काठी वाजली. लेक खाली गाडी लावत होती, बाई एकट्याच वर आल्या. काळा चष्मा. "पाणी घातलंस?"

"हो, बाई." हात पाठीमागे. बोटं मिटलेली.

काकांनी दार उघडलं. काकू त्यांच्या मागे. बाई आत आल्या, काळा चष्मा काढला आणि डावा डोळा झाकून उजव्या डोळ्याने सावकाश चौफेर पाहिलं. भिंत. पडदा. कुंड्या. काका मनातल्या मनात मोजत होते. मग बाईंनी खाली बघितलं आणि त्या थांबल्या.

डावा डोळा त्यांनी पुन्हा नीट झाकून घेतला.

"हा माझा गालिचा आहे?"

"हो... हो बाई. तोच. तसाच आहे."

"तसाच," बाई म्हणाल्या, आणि एकदम खुर्चीत बसल्या. बसल्या म्हणजे पाय गेल्यासारख्या बसल्या. "लेकीकडे पट्टी काढली तेव्हा मला वाटलं, हिने सगळे पडदे नवे लावले. पांढरे स्वच्छ. ती म्हणाली, आई, जुनेच आहेत. तुला आत्ता नीट दिसताहेत. तेव्हाच मनात भीती बसली होती, की आपल्या घरी काय असेल." त्यांनी काठीच्या टोकाने गालिच्याला हलकेच स्पर्श केला. "मी याला बदामी म्हणत होते रे. सगळ्यांना कौतुकाने सांगायची, माझा बदामी गालिचा. आणि ही नुसती घाण आहे."

"बाई..."

"पंचाहत्तरीला सगळी इमारत इथे बसून गेली. कुणी काही बोललं नाही. काय म्हणाले असतील जिन्यात? आयुष्यभर पोरांची नखं तपासली मी, कॉलरी तपासल्या." बाईंचा आवाज फाटला. "आता मला भीती वाटते कुणाला आत बोलवायची. अजून काय काय दिसलं नसेल मला?"

आणि बाई रडायला लागल्या. ओठ घट्ट मिटून, आवाज न करता. काकांनी त्यांना रडताना कधीच पाहिलं नव्हतं. बाई रडू शकतात हे त्यांच्या कल्पनेतही नव्हतं.

आता गंमत बघा. काका सुटले होते. पूर्णपणे सुटले होते! सॉस कुणाला कळला नव्हता, धुणं कळलं नव्हतं, चहा कळला नव्हता. फक्त गप्प उभं राहायचं, 'असू द्या हो बाई' म्हणायचं आणि घरी जायचं. विश्वासाचा मुलगा विश्वासाचाच राहिला असता. काकांनी काकूंकडे बघितलं. काकू त्यांच्याकडेच बघत होत्या, आणि त्यांचे डोळे भरले होते.

"बाई," काका म्हणाले. आवाज निघेना, म्हणून पुन्हा म्हणाले, "बाई, ही घाण तुमची नाही. माझी आहे."

बाईंनी मान वर केली.

"मी तुमच्या खुर्चीत बसून बटाटे खाल्ले. तळलेले. रोज. गुरुवारी सॉस सांडला. डाग काढायला गेलो तो पसरला, मग तो झाकायला सगळ्या गालिच्यावर चहा मारला. कोरा चहा. तुमचा गालिचा पांढरा होता, बाई. तुम्ही गेलात तेव्हा पांढराशुभ्र होता. कडेने निळे वेल आहेत. हा सगळा रंग माझा आहे."

एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा काकांनी मूळ प्रतीत आपल्या पदरचं घातलं होतं. मागून काकू ठामपणे म्हणाल्या, "हो बाई. मी सांगत होते ह्यांना, नका करू म्हणून."

"निळे वेल," बाई पुटपुटल्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "होय. होते निळे वेल. दुकानातून आणला तेव्हा तेच पाहून घेतला होता." त्यांनी पदराने डोळे टिपले, पाठ ताठ केली, काठी जमिनीवर आपटली, आणि मग जे सुरू झालं ते तळमजल्यावरच्या टेलरमास्तरांनीसुद्धा मशीन थांबवून ऐकलं. बेजबाबदार! खादाड! माझ्या खुर्चीत? या वयात? गालिच्यावर चहा मारायची अक्कल कुठून आली? विश्वासाचा म्हणून सगळ्यांसमोर सांगितलं मी, लाज वाटली पाहिजे! वीस मिनिटं काका खाली मान घालून उभे होते. विश्वासाचं ते वाक्य गेलं ते गेलंच. त्यांना फार लागलं, आणि बाईंचा आवाज पूर्वीसारखा चढला म्हणून बरंही वाटलं.

"उचल," शेवटी बाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता धू. माझ्यासमोर."

बाल्कनीत खुर्ची टाकून बाई बसल्या. काका गुडघ्यांवर, हातात ब्रश, बाह्या वर केलेल्या. काकू बादल्या भरत होत्या. पहिली बादली, दुसरी बादली. चहाचा रंग उतरत गेला आणि एका कडेने निळ्या वेलाचं पान वर आलं. बाई काठीवर हनुवटी टेकून त्या पानाकडे बघत होत्या.

तिसऱ्या बादलीच्या वेळी त्या पुढे वाकल्या. गालिच्यातून येणारं पाणी आता तांबूस राहिलं नव्हतं. करडं, दाट, गाळाचं पाणी होतं. वर्षानुवर्षांचा मळ एका धुण्यात थोडाच जातो? बाईंनी ते पाणी नव्या डोळ्याने नीट पाहिलं.

"चहात माती कुठून आली रे?"

काकांचा ब्रश थांबला. बाई त्यांच्याकडे बघत होत्या, वर्गात बघायच्या तशा. त्या नजरेपुढे चाळीसच्या चाळीस पोरं आपापले गुन्हे कबूल करायची. काकांना वाटलं, आता आपलं काही खरं नाही. पण त्यांनी मान खाली घातली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ते बाईंच्या डोळ्यांत बघत राहिले.

"स्वस्तातला होता, बाई," ते म्हणाले.

बाईंनी एकदा त्या पाण्याकडे पाहिलं, एकदा काकांकडे. मग त्यांनी काठीचं टोक गालिच्याच्या एका कोपऱ्यावर टेकवलं.

"इथे राहिलंय," त्या हळूच म्हणाल्या. "इथे घास."